शेवटचा हात

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना विमान बांधून पाहण्याचा योग आला नव्हता. माझ्या आतेभावाला तो आला. ओहायो राज्यातील डेटन हे राइट बंधूंचे गाव. तेथे निवृत्तीनंतर स्थायिक झालेला आमचा दादा आठ वर्षे घरच्या मोटारखान्यात दोन आसनांचे विमान जुळवीत होता. ‘सर्व झाले, आता नुसता शेवटचा हात फिरवायचा’ हे वाक्य त्याच्या तोंडून आम्ही दोन वर्षे ऐकत होतो. गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे तीन आठवडे राहिलो, तेव्हा हा शेवटचा हात म्हणजे काय ते कळले. घरी विमाने बांधणाऱ्यांत एक विनोद रूढ आहे : नव्वद टक्के काम झाले, आता नव्वद टक्केच उरले!

अशा विमानाचा संच विकत मिळतो. त्यात कापलेले, भोके पाडलेले ॲल्युमिनियमचे पत्रे आणि नकाशे असतात. इंजिन, पंखा व उपकरणे यांची तजवीज बहुधा निराळी करावी लागते. अमेरिकेचा कायदा असा की, निम्म्याहून अधिक बांधणी हौशी माणसाने केवळ शिक्षणासाठी अथवा करमणुकीसाठी केलेली असली, तर त्या विमानास ‘प्रायोगिक’ वर्गाचे प्रमाणपत्र मिळू शकते. शिक्षण आणि करमणूक हे दोन शब्द एकाच कलमात शेजारी बसलेले मी वीस वर्षांच्या वकिलीत कधी पाहिले नव्हते.

पंख आणि धड विमानतळावरील हँगरात नेऊन जोडले होते, तरी कामांची यादी भिंतीवर लटकत होतीच. डोक्यावरचे पारदर्शक आच्छादन थंडीत कापले तर तडकते, म्हणून त्यासाठी मागेच एक हिवाळा वाट पाहण्यात गेला होता. पंखांची टोके काचतंतूंची. त्यांवर टाचणीच्या अग्राएवढी छिद्रे राहतात. ती भरायची, घासायची, पुन्हा रंगाचा हात द्यायचा, की नवी छिद्रे डोळे उघडतात. दादासारखा शांत माणूस या घासकामाने चिडखोर झाला होता. उलट नटांच्या कामात त्याला समाधान असे. प्रत्येक नट ठरलेल्या पिळाने आवळला की त्यावरून रंगाची एक बारीक रेघ ओढायची. पुढे नट हलला तर रेघ तुटते आणि चटकन दिसते. नंतर तिन्ही चाकांखाली तराजू ठेवून विमान तोलावयाचे व त्यावरून गुरुत्वमध्य काढायचा. रंगालाही वजन असते, त्यामुळे रंगानंतर तोलणे पुन्हा आलेच.

मग सरकारने नेमलेला निरीक्षक येणार. त्याच्यासाठी इतक्या कष्टाने बसविलेली झाकणे पुन्हा उघडून ठेवायची. बसण्याच्या जागेशी ‘प्रायोगिक’ हा शब्द निदान दोन इंच उंचीच्या अक्षरांत हवा, आणि हे विमान हौशी माणसाने बांधले आहे अशी प्रवाशास सूचना हवी. कागदांचे हे माहात्म्य आपल्याकडेही काही कमी नाही. मुंबईत कांदिवलीला कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. ते तर संचाचेही नव्हते. २०१६ साली ते प्रदर्शनात लोकांनी डोळे भरून पाहिले. नोंदणी मिळाली ती २०१७ च्या नोव्हेंबरात.

यादीतील शेवटची बाब होती नावाची पट्टी. आगीत न जळणाऱ्या धातूची, विमानावर कायमची जडलेली. तिच्यावर निर्मात्याचे नाव, नमुना आणि अनुक्रमांक. दादाने पट्टी माझ्यापुढे ठेवली. “वकील, दोघांची नावे घालू का?”

हा प्रश्न साधा नव्हता. पत्रा सांधताना एकाने बाहेरून हवेच्या दाबाचा हातोडा चालवायचा आणि दुसऱ्याने आतल्या बाजूस पोलादी ठोकळा दाबून धरायचा, तेव्हा रिव्हेट बसतो. आठ वर्षे तो ठोकळा वहिनींनी धरला होता. तथापि निर्माता हा कायद्यातील जड शब्द आहे. विमान उद्या विकले, तिसऱ्या मालकाच्या हातून ते कोसळले, तर पट्टीवरच्या नावाला न्यायालयात खेचण्याचा प्रयत्न होऊ शकतो. तिकडचा कायदा माझा नव्हे, तेथील वकिलास विचार, असे बजावून मी म्हटले, “दादा, एकच नाव घाल. घरातले एक माणूस तरी मोकळे राहू दे.”

वहिनी कॉफीचे पेले घेऊन मागे उभ्या होत्या. आरंभीच्या चाचणीचे पंचवीस किंवा चाळीस तास पुरे होईपर्यंत प्रवासी म्हणून त्यांना त्या विमानात बसताही येणार नव्हते, आणि ते त्यांनी बिनतक्रार मान्य केले होते. हे मात्र केले नाही.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “बाहेरून ह्यांना नुसते डोके दिसायचे. आतून रिव्हेट सरळ बसला की वाकडा, हे मलाच दिसे. वाकडा बसलेला एकेक मीच काढायला लावला. मग उद्या कुणी विचारले, तर उत्तर कोणी द्यायचे?”

दादाने माझ्याकडे पाहिले. मी पट्टीची लांबी पाहू लागलो. दोन नावे बसत होती, अक्षरे थोडी दाटून.

अक्षरांचे पोलादी ठसे एकेक करून ठोकायचे होते. या खेपेस ठसा दादाने धरला आणि हातोडी वहिनींनी घेतली.