नाव तेच, वडील वेगळे

रात्री साडेअकराला कन्सोलवर दोन ओळी उमटल्या आणि मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो! तीन दिवसांच्या कोड्याचं उत्तर तिथे लख्ख दिसत होतं.

आमचं वेब अ‍ॅप टॉमकॅटवर चालतं. लॉगिनचा सगळा कारभार स्प्रिंग सिक्युरिटीकडे. रिपोर्टचा भाग मात्र ओएसजीआय बंडल म्हणून वेगळा काढलेला, सर्व्हर बंद न करता बदलता यावा म्हणून. त्यासाठी अ‍ॅपच्या आतच अपाचे फेलिक्स हे ओएसजीआय फ्रेमवर्क सुरू केलेलं. युजर रीतसर लॉगिन करून यायचा, पण बंडलमधून सिक्युरिटीकॉन्टेक्स्टहोल्डरला 'आत्ता कोण आहे?' असं विचारलं की हाती नल! थ्रेड तोच, रिक्वेस्ट तीच, तरी नल.

शेवटी दोन्हीकडे त्या क्लासचा क्लासलोडर प्रिंट केला. अ‍ॅपमध्ये टॉमकॅटचा, बंडलमध्ये फेलिक्सचा. म्हणजे क्लास दोन होते! बंडलमध्ये मी स्प्रिंग सिक्युरिटीची जार भरली होती, तिच्यातून दुसरा क्लास लोड झाला होता.

केवढी सुंदर गोष्ट आहे ही! जेव्हीएम क्लासला नुसत्या नावाने ओळखतच नाही. नाव आणि ज्याने तो घडवला तो लोडर, दोन्ही मिळून ओळख पुरी होते. गावात एका नावाचे दोघे निघाले की आपण वडिलांचं नाव विचारतो, अगदी तसंच. लॉगिनची माहिती एका स्टॅटिक थ्रेडलोकलमध्ये राहते. क्लास दोन, म्हणून थ्रेडलोकलही दोन. स्प्रिंग सिक्युरिटीच्या फिल्टरने एकात ठेवलेलं मी दुसऱ्यात शोधत होतो!

मग बंडलमधली जार काढून टाकली आणि मॅनिफेस्टमध्ये स्प्रिंग सिक्युरिटीच्या पॅकेजेससाठी इम्पोर्ट-पॅकेज लिहिलं. फेलिक्स सुरू करताना 'ऑर्ग.ओएसजीआय.फ्रेमवर्क.सिस्टिम.पॅकेजेस.एक्स्ट्रा' या सेटिंगमध्ये तीच पॅकेजेस दिली. आता फेलिक्सचं स्वतःचं सिस्टिम बंडल अ‍ॅपमधलेच क्लास बाकीच्या बंडलांना पुरवतं. 2009 च्या ओएसजीआय 4.2 पासून ही सोय आहे!

तीन गोष्टी मात्र सांभाळा. 'कोअर' दिलं म्हणून 'कोअर.कॉन्टेक्स्ट' आपोआप येत नाही, प्रत्येक पॅकेज वेगळं लिहावं लागतं. व्हर्जन लिहा, नाहीतर ते 0.0.0 धरलं जातं आणि 5 च्या पुढचं मागणारं बंडल रिझॉल्व्हच होत नाही. आणि फेलिक्सची जार स्प्रिंग सिक्युरिटीच्या शेजारी, वेब-इन्फच्या लिबमध्येच ठेवा. सिस्टिम बंडल फ्रेमवर्क लोड करणाऱ्या लोडरकडूनच क्लास घेतं. ती जार टॉमकॅटच्या सामायिक लिबमध्ये गेली, तर त्या लोडरला अ‍ॅपमधले क्लास दिसणारच नाहीत.

पुन्हा चालवलं आणि रिपोर्टच्या कोपऱ्यात लॉगिन केलेल्या युजरचं नाव आलं. दोन्ही ओळींत आता लोडर एकच होता!

तुम्हालाही कधी असा नल भेटला, किंवा क्लासकास्टएक्सेप्शनमध्ये दोन्ही बाजूंना एकच नाव दिसलं, तर कोडला हात लावण्याआधी दोन्हीकडचे क्लासलोडर छापून बघा.