परसात फरशी नको

जालना,
ज्येष्ठ वद्य

सौ. वहिनींस,

दादाचा फोन आला होता. घरामागचं रान साफ करून तिथं शहाबादी फरशी घालायची, पत्र्याची घसरगुंडी आणायची, असं ठरतंय म्हणाला. पोरांसाठी जागा करताय याचा फार आनंद झाला. फक्त फरशीचं तेवढं थांबवा.

आपल्याकडे वैशाखात पारा ४२च्या वर जातो. फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही, पत्र्यानं चटका बसतो. पावसाळ्यात त्याच फरशीवर शेवाळ धरतं. लिंबाखाली माती आहे, सावली आहे. पोरांना आणखी काय लागतं?

मृग बरसलाय, माती भिजलीय, तोवर गाजरगवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटून घ्या. हातमोजे घालूनच, त्यानं खाज सुटते, दमाही उठतो. दगडांचा ढीग जाणत्या गड्याकडून भर उजेडात हलवा, खाली विंचू असतात. वेड्या बाभळीचे काटे मातीत राहतात, ते वेचून घ्या. कण्हेर फुलली की छान दिसते, पण पानापासून मुळापर्यंत विषारी. धाकटी अजून सगळं तोंडात घालते, तेव्हा ती काढाच. आणि सगळ्यात आधी आडावर लोखंडी जाळी, कुलपासकट.

काळ्या मातीचा पावसात चिखल होतो, उन्हाळ्यात भेगा पडतात. म्हणून धावायच्या जागेत मुरूम टाकून चोपून घ्या, उतार घरापासून लांब द्या. आर्द्रा लागायच्या आत हे करा, नाहीतर ट्रॅक्टर रुतेल. एक कोपरा मात्र तसाच काळा ठेवा. पोळ्याला पोरं त्याच मातीचे बैल करतील.

खेळणी विकत आणायची घाई नको. १९४३ साली कोपनहेगनमधल्या एम्ड्रप इथं सोरेन्सन नावाच्या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून भंगाराचं क्रीडांगण उभं राहिलं. तयार बागेपेक्षा मुलं बांधकामाच्या पडीक सामानात जास्त रमतात, हे त्यानं पाहिलं होतं. आपलं जालना तर भंगार वितळवून सळया करणारं गाव. जुना टायर, लाकडाचे ओंडके, फुटका माठ, दोरखंड एवढं पुरे. टायरला तळाशी भोकं पाडा. पाणी साचलं की डेंग्यूचे डास होतात. धारदार, गंजलेलं काही ठेवू नका.

बालवाडीत इतकी वर्षं काढली, त्यात ताराबाई मोडक नि अनुताई वाघ यांचंच काम डोळ्यांपुढे राहिलं. १९४५ साली बोर्डीत काम सुरू झालं, मुलं शाळेपर्यंत येईनात तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी तिथून आली. तुमच्याकडे तर अंगणही आहे आणि परसही.

आईसाठी लिंबाच्या बुंध्याशी दगडी ओटा बांधा. ती तिथं बसेल, सागरगोटे शिकवील, पोरांवर नजरही राहील. मोरीचं सांडपाणी खेळायच्या जागेत येऊ देऊ नका. ते केळीच्या आळ्याकडे वळवा. आपल्या जिल्ह्यात पाण्याचा थेंबही वाया घालवणं परवडत नाही, २०१२-१३चा दुष्काळ आपण दोघींनी पाहिलाय.

नागपंचमीला झोका बांधालच. फांदी आत पोखरलेली नाही ना, हे आत्ताच दादाला शिडी लावून बघायला सांगा, आणि फरशीवाल्याला आजच नाही म्हणून कळवा.

तुमची नणंद