पर्वतीच्या पायऱ्या आणि श्वासाचा चढ

पहाटेच्या पर्वतीवर पुणेकरांच्या फुप्फुसांची जणू जाहीर परीक्षा चाललेली असते. नानासाहेब पेशव्यांच्या काळी, १७४९ साली उभ्या राहिलेल्या देवदेवेश्वराकडे जाणाऱ्या या १०३ दगडी पायऱ्या कुणी एका दमात चढतो, तर कुणी खालचे शहर न्याहाळण्याचे निमित्त करून हळूच दम खातो.

हा चढ वैद्यकालाही परका नाही. फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करायची म्हणजे फुप्फुसाचा एखादा खंड, क्वचित संपूर्ण फुप्फुसच काढायचे. उरलेले किती भार पेलेल, हे यंत्रांच्या जोडीने रुग्णाला जिना चढवूनही पारखतात. २२ मीटरांहून अधिक उंची चढणाऱ्याचा धोका कमी मानला जातो. (ही परीक्षा रुग्णालयाच्या देखरेखीखाली द्यायची, पर्वतीवर एकट्याने नव्हे.) १९३३ मध्ये अमेरिकेत डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी ज्यांचे एक फुप्फुस संपूर्ण काढले, ते गृहस्थ पुढे ३० वर्षे जगले.

पर्वती उतरून शहर ओलांडले की स्टेशनाजवळ १८६७ पासूनचे ससून रुग्णालय लागते. तेथे काय किंवा शहरातील इतर मोठ्या रुग्णालयांत काय, शस्त्रक्रियेनंतरच्या कक्षात तोच चढ आडवा झालेला दिसतो : खाटेपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. ‘‘आजोबा, उठायचं आता,’’ परिचारिका म्हणते. ‘‘झोपू द्या ना सिस्टर, कालच ऑपरेशन झालंय,’’ असे घरचे विनवतात. ही माया समजण्याजोगी असली, तरी रुग्णाला महाग पडू शकते. दुखते म्हणून उथळ श्वास घेत आडवे पडून राहिले, की कफ साचतो, फुप्फुसाचा भाग मिटतो आणि न्यूमोनिया गाठतो. म्हणून जाणती परिचारिका आधी वेदनाशामक वेळेवर मिळाले ना, हे पाहते. मग उशी जखमेशी घट्ट धरायला लावून खोकवते. तीन गोळ्यांच्या यंत्रात फुंकायचे नसते, श्वास आत ओढायचा असतो, हे तिला दिवसातून कितीदा सांगावे लागत असेल! शस्त्रक्रियेच्या बाजूचा खांदा आखडू नये म्हणून हातही हळूहळू वर न्यायला ती शिकवते.

छातीतील नळीच्या बाटलीकडे तिचे सतत लक्ष असते. श्वासागणिक नळीतले पाणी वरखाली होते, तेव्हा नातेवाईक घाबरतात. ती हालचाल बहुधा स्वाभाविकच. बुडबुडे मात्र अचानक वाढले, पाणी हलेनासे झाले किंवा रक्त जास्त येऊ लागले, तर तत्काळ हाक मारावी. चालताना बाटली छातीच्या खालीच आणि उभी धरावी, नळीला पीळ पडू देऊ नये, स्वतःहून चिमटा तर कधीच लावू नये. ती बाटली धरून रुग्णासोबत दारापर्यंत चालण्याचे काम सिस्टरकडून शिकून घेतलेला मुलगा किंवा सून करू शकते. घरी गेल्यावर ताप, वाढती धाप, एका पायाला सूज किंवा जखमेतून स्राव दिसला, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. आणि घरातली विडी घराबाहेर नव्हे, कायमचीच बंद व्हावी.