खोली आणि डबा

1983 साली अमरावतीत विद्यापीठ आलं, नागपूरचा हेलपाटा वाचला. पण परतवाड्याहून अमरावती अजून सुमारे 50 किलोमीटरच आहे. शिक्षण महाग म्हटलं की आपण फीकडे बोट दाखवतो. फीला शिष्यवृत्ती तरी असते. घराचं गणित कोलमडतं ते खोलीभाड्यापाशी आणि मेसच्या डब्यापाशी. एसटीच्या पासात विद्यार्थ्यांना 66.67 टक्के सवलत आहे, मग रोज जा-ये करावी, असं कुणी म्हणेल. पैसे वाचतील, खरंय. पण परतीच्या गाडीकडे डोळे लावून बसलेल्याला संध्याकाळचं वाचनालय कुठून मिळणार? धारणी-चिखलदऱ्याच्या पोरांना तर रोजची जा-ये सुचवणंही थट्टाच. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, ते उगाच नव्हे. विद्यापीठात नवी इमारत बांधण्याआधी वसतिगृहातल्या खाटा मोजा.