सब घोडे बारा टक्के

परीक्षकाचें काम तीस वर्षें केलेल्या माणसास, सर्वांना एकच माप लावणें म्हणजे न्याय, असें वाटणें साहजिक आहे. उत्तरपत्रिका तपासतांना मीही कोणाचें नांव पाहत नाहीं. परंतु उत्तरपत्रिकेस शोभणारें माप माणसाच्या पोटास लावलें म्हणजे काय होतें, तें जपानच्या लहान मासेमारांकडे पाहिलें असतां कळून येतें.

प्रशांत महासागरांतील नीलपर ट्यूना हा आपल्या कोंकणांतील कुपा माशाचा बडा भाईबंद. मासेमारी मुळींच झाली नसती तर प्रजननक्षम माशांचें जें वजन भरलें असतें, त्याच्या अवघें 2.6 टक्के उरल्याचें 2016 च्या शास्त्रीय पाहणींत आढळलें. 30 किलोहून लहान मासे 2002 ते 2004 च्या सरासरीच्या निम्म्याहून अधिक धरूं नयेत, असा आंतरराष्ट्रीय नियम त्यापूर्वींच झाला होता. निर्बंध हवेच होते. त्याविषयीं वाद नाहीं.

वाद आहे तो वांटणीचा. मागील धरणीवरून पुढील वाटा ठरविला, कीं ज्यानें अधिक ओरबाडलें त्याच्याच पदरांत अधिक पडतें. पर्ससीन जाळ्यांचीं जहाजें विणीसाठीं जमलेल्या माशांचे थवेच्या थवे एका खेपेस उचलतात. उलट, इकी बेटावरील गळवाले एकेक मासा धरतात; विणीच्या हंगामांत तर त्यांनीं आपण होऊन गळ आवरता घेतला. 2017 च्या हंगामांत होक्काइदोच्या किनाऱ्यालगत रोवलेल्या जाळ्यांत वाट्याहून कितीतरी अधिक लहान मासे शिरले. त्याची झळ मात्र त्या प्रांतांतील गळवाल्यांनाही सोसावी लागली. 2018 च्या जूनमध्यें लहान मासेमार टोकियोस जाऊन सरकारच्या दारीं उभे राहिले, यांत नवल काय?

सब घोडे बारा टक्के हा हिशेब सोपा खरा. पण हजारांतून निम्मे गेले तर चैन कमी होते, दहांतून निम्मे गेले तर चूल विझते.

नियमांचें फळ मिळालें, हेंही सांगितलें पाहिजे. 20 टक्क्यांचें उद्दिष्ट ओलांडल्याचें 2024 च्या पाहणींत दिसलें, आणि त्याच डिसेंबरांत मोठ्या माशांची मर्यादा 50 टक्क्यांनीं व लहानांची 10 टक्क्यांनीं वाढविण्याचें ठरलें. आतां ही वाढ वांटतांना पुन्हां जुनी वहीच उघडावयाची काय? त्या वहींत धरलेल्या माशांचीच नोंद आहे. हातीं येत असूनही जे सोडले, त्यांची नोंद कोणीं ठेवली?