बटण दाबलं, पुढे काय?

आमच्या जनरेशनचं एक बरं आहे. टीव्हीचा रिमोट हरवला की आपण सोफा उचकत बसत नाही, ॲप डाउनलोड करतो. फोनच्या डोक्यावर इन्फ्रारेडचा इवलासा एलईडी असला की झालं! 2013 मध्ये अँड्रॉइड 4.4 आलं आणि असा एलईडी असलेल्या फोनमध्ये ॲप्सना त्याच्याशी थेट बोलायची सोय झाली.

ॲप त्याला दोनच गोष्टी सांगतं: किती वेगाने लुकलुकायचं आणि किती वेळ थांबायचं. वेग बहुतेक रिमोट्समध्ये सेकंदाला साधारण 38,000 वेळा. एनईसी नावाच्या प्रचलित पद्धतीत मधली विश्रांती छोटी असली तर 0, मोठी असली तर 1. असे 32 बिट गेले की चॅनेल बदललं. फंडा सोपा आहे, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

एका फीचरसाठी राळेगणसिद्धीला गेले होते, मुक्काम मैत्रिणीच्या काकांकडे. रिमोटचे सेल संपलेले. मी फोनवरून टीव्ही लावला, पोरं जाम खूश! काकांनी मात्र फोन उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ह्याच्यानं विहिरीवरची मोटर चालू होती का गं?"

नाही होत. इन्फ्रारेडला साधी भिंत ओलांडता येत नाही, आणि विहीर तर किलोमीटरभर लांब. मग काका सांगत बसले. शेतीची लाइट रात्री यायची तेव्हा बॅटरी घेऊन, सापा-विंचवाच्या वाटेनं विहिरीवर जायचं. पोचावं, तर लाइट गेलेली!

यावर उपाय पुण्यातच सापडला होता. संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' बनवलं. पंपाच्या स्टार्टरला जोडायचं हे यंत्र मोबाइल नेटवर्कवर चालतं. घरबसल्या फोनवरून मोटर चालू-बंद करता येते. शिवाय तिथे लाइट आहे की नाही, तेही कळतं.

खरी गंमत या 'कळतं'मध्ये आहे. टीव्हीचा रिमोट नुसता हुकूम सोडतो, उत्तर ऐकत नाही. टीव्ही समोर असतो म्हणून खपून जातं. ऑफिसात आपणही मेल 'सेंट' झाला की काम झालं समजतो, नाही का? न दिसणाऱ्या विहिरीशी बोलायचं तर उलट उत्तर हवंच.

आणि उत्तर आलं, 'लाइट नाही'? तिथे कुठलंही सॉफ्टवेअर हात टेकतं. म्हणून मला राळेगणचं दुसरं पाऊल जास्त मोठं वाटतं. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी यासाठी 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर झाली आणि तिचा एक पथदर्शी प्रकल्प याच गावात झाला.

काकांचा हिशेब सरळ होता. "दिवसा लाइट आली, निम्मं काम झालं. राहिलं चालणं. तेवढं तुझ्या फोनला शिकव."