सईबाईंची सवाष्ण

आईची अविधवा नवमी होती. वडील हयात असताना ती गेली, त्यामुळे पितृपंधरवड्यातली ही एकच तिथी तिची. सवाष्ण जेवून गेली, ओटी भरून झाली आणि मागचं आवरताना मावशी एकदम म्हणाली, "आपली सईबाईपण अहेवच गेली गं. तिची सवाष्ण कोण जेवू घालत असेल?"

मावशी आणि आई भोरकडच्या. हिरडस मावळातल्या त्या घरात शिवाजी महाराजांच्या घरातल्या बायका नात्यातल्या असाव्यात तशा बोलण्यात यायच्या. जिजाऊंचा धाक असायचा आणि महाराजांच्या पत्नी सईबाईंची कीव. आई म्हणायची, "दोन वर्षांचं लेकरू टाकून जाताना काय झालं असेल तिला!" हे सांगताना दर वेळी तिचा आवाज बसायचा. तिच्या शेवटच्या आजारपणात तर हे वाक्य ती स्वतःविषयी बोलतेय की काय, अशी शंका मला यायची. तेव्हा माझी चाळिशी उलटली होती, तरीही.

मावशीने एक खण, एक नारळ आणि ओंजळभर तांदूळ पिशवीत घालून माझ्या हाती दिले. सईबाई गेल्या ती तिथी भाद्रपद वद्य 14, शके 1581, म्हणजे 5 सप्टेंबर 1659. नवमीनंतर पाच दिवसांनी तीच तिथी येत होती. मी रजा टाकली.

आधी कापूरहोळला उतरले. सातारा रस्त्यावरून भोरला आणि सासवडला जाणारे फाटे जिथे फुटतात तेच हे गाव. हॉटेलं, गाड्या, उसाच्या रसाचे चरक. बहुतेकांच्या लेखी कापूरहोळ एवढंच. माझ्या लेखी ते धाराऊचं गाव. 14 मे 1657 रोजी पुरंदरावर शंभूराजे जन्मले. सईबाईंना दूध पुरेना, तेव्हा कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातली धाराऊ गडावर गेली आणि तिने बाळाला अंगावर पाजलं. तिची मुलं अंतोजी आणि रायाजी शंभूराजांचे दूधभाऊ झाले. ढगांच्या फटीतून पुरंदरचा डोंगर दिसेपर्यंत मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. सईबाईंच्या दुखण्याविषयी आपल्याला नक्की असं जवळपास काहीच ठाऊक नाही. बाळंतपणानंतर त्या खंगत गेल्या असं सांगतात, पण काय झालं होतं, कुठे दुखत होतं, औषधपाणी कोणी केलं, याचा माग लागत नाही. त्यांच्या अंगाच्या अशक्तपणाची खूण उरली ती दुसऱ्या एका बाईच्या दुधात. धाराऊ आपल्याला ठाऊक आहे ती सईबाईंना दूध नव्हतं म्हणून.

भोरला मुक्काम केला आणि त्याचा पश्चात्ताप झाला. लॉजची खोली ओलीने भरलेली, गादीला कुबट वास, गरम पाणी सकाळी सहा ते सात एवढंच आणि ते आलं सव्वासातला. पंतसचिवांचा 1869 सालचा राजवाडा बाहेरूनच पाहिला. कुठल्याशा चित्रीकरणाची तयारी चालली होती आणि मला त्या गर्दीत शिरावंसं वाटलं नाही. भाटघरचं धरण, बनेश्वर, सगळं राहिलं. मन तिथे नव्हतंच.

ते होतं आंबवडे आणि कारीकडे. आंबवड्याला कान्होजी जेध्यांची समाधी आहे, कारीला जेध्यांचा वाडा. या घराण्याच्या दप्तरातून निघालेली शकावली लोकमान्य टिळकांनी 1916 साली प्रसिद्ध केली. शंभूराजांच्या जन्माची तिथी आपल्याला पक्की ठाऊक आहे ती तिच्यामुळे. शकावली मला नेहमी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयासारखी वाटते. कोण जन्मलं, कोण गेलं, कुठे लढाई झाली, कुठला गड घेतला, सगळं एकाच आवाजात, एकेका ओळीत. रडायला जागा नाही.

आणि 1659 साल तर कोणालाच रडायला सवड न देणारं. अफझलखान विजापुराहून निघाला होता. मावळातल्या देशमुखांना आदिलशाही फर्मानं येत होती, खानाला सामील व्हा म्हणून. कान्होजींना आलेलं फर्मान जूनमधलं. ते घेऊन कान्होजी पाच मुलांसह महाराजांकडे गेले, वतनावर पाणी सोडलं आणि आपला कबिला तळेगावला ढमढेऱ्यांकडे हलवला. आंबवड्यात पावसात उभं राहून मी त्या कबिल्यातल्या बायकांचा विचार करत होते. बोचकी, तान्ही मुलं, पावसाळ्यातला चिखल, भरून वाहणारी नीरा. आणि राजगडावर एक बाई अंथरुणाला खिळलेली, जिला कुठेही हलवणं शक्य नव्हतं.

इथे माझा सरांशी वाद झाला. सर म्हणजे शिवकालाचे एक जुने अभ्यासक, माझ्या घरोब्यातले. आंबवड्याहून मी त्यांना फोन लावला आणि विचारलं, शेवटच्या वेळी महाराज सईबाईंजवळ होते का हो?

"पावसाळ्यात ते जावळीकडे, प्रतापगडाच्या बाजूला गेले होते," सर म्हणाले. "मृत्यूच्या दिवशी ते राजगडावर होते असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही."

"मधे एकदा येऊन गेले असतील."

"असतील. कागद दाखव."

महाराजांच्या ओठी अखेरीस सईबाईंचं नाव होतं ही कथाही मी काढली. ती सरांनी तिथल्या तिथे उडवून लावली. मला राग आला. लग्न झालं 1640 साली, पुण्यात, दोघंही लहान असताना. फलटणच्या निंबाळकरांची ही लेक एकोणीस वर्षं त्या घरात वावरली. सखूबाई, राणूबाई, अंबिकाबाई या तीन मुली आणि शंभूराजे अशी चार मुलं झाली. पहिले गड, पहिली संकटं, सगळं तिने पाहिलं. या माणसाला दुःख झालं नसेल का, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

सर थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुःख झालं नसेल असं मी कधी म्हटलं? लिहून ठेवलेलं नाही, एवढंच म्हणतोय. तुझी आई गेली तेव्हा तू कुठे काय लिहून ठेवलंस?"

मी फोन ठेवला. काहीच लिहून ठेवलं नव्हतं.

चतुर्दशीला पहाटे नसरापूरवरून आत वळले. या तालुक्याचं नाव 2024 मध्ये राजगड करायचं ठरलं, पण एसटीत सगळे अजून वेल्हंच म्हणत होते. मार्गासनीनंतर दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, निसवलेली. काचेवर पाऊस आणि त्यामागे गड असावा अशी फक्त एक काळोखी.

सईबाईंची समाधी नक्की कोणती, हा दुसरा वाद. गडावर पद्मावती माचीवर, देवळासमोर एक समाधी दाखवतात. पायथ्याला पाल खुर्दलाही सईबाईंचं समाधिस्थळ आहे. खण एकच होता. वर न्यावा की खाली ठेवावा, हे मला घरून निघाल्यापासून सुटलेलं नव्हतं. सर काय म्हणतील ते ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाही.

पाली दरवाजाची वाट मोठी आणि पायऱ्यांची. पालखी जाईल एवढी. दगडांवर शेवाळ, कडेला सोनकीची पिवळी आणि तेरड्याची जांभळी रास. बरोबर घेतलेला वाटाड्या मुलगा चटचट पुढे जायचा आणि थांबून पाठ केलेलं म्हणून टाकायचा. बालेकिल्ल्याच्या दरवाजापाशी अफझलखानाचं शीर पुरलं असं सांगतात, ती गोष्ट त्याने हातवारे करून, चांगली दहा मिनिटं रंगवली. पद्मावतीच्या देवळासमोर आल्यावर म्हणाला, "ही सईबाईंची समाधी. आता तलाव बघू." मी त्याला म्हटलं, तू हो पुढे, मी इथेच बसते.

धुकं इतकं होतं की सुवेळा, संजीवनी, बालेकिल्ला काही म्हणता काही दिसलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. दगड ओला, साधा. इथे दोन वर्षं साडेतीन महिन्यांचं एक मूल आजीच्या मागे मागे फिरलं असेल, आई कुठेय म्हणून विचारत. त्यानंतर जिजाऊंनीच त्याला वाढवलं. आईच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांनी, 10 नोव्हेंबरला, बाप खानाला सामोरा गेला. या दोन महिन्यांत राजगडावर काय काय झालं असेल? चतुर्दशी ही पितृपंधरवड्यात शस्त्राने गेलेल्यांची तिथी. सईबाई अंथरुणात गेल्या, तरी मला त्या दिवशी वाटलं की लढाईच्या त्या वर्षाने त्यांनाही घेतलंच.

मावशीचे तांदूळ मी तिथे वाहिले. पावसाने ते लगेच दगडावरून खाली नेले. खण आणि नारळ पिशवीतच ठेवले. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

उतरताना दोनदा घसरले. पाल खुर्दला पोचले तेव्हा दिवस कलला होता. समाधीपाशी एक म्हातारी बाई होती, डोक्यावर इरलं, हातात विळा, शेताकडून आलेली. दगडावर सकाळचं हळदकुंकू पावसाने पसरलं होतं. कोणीतरी येऊन गेलं होतं तर. मी खण उलगडला, त्यावर नारळ ठेवला. कुंकू मात्र मी आणलंच नव्हतं. म्हातारीने कनवटीची डबी काढली.

"कोण लागती तुमची?" तिने विचारलं. परगावची बाई पावसात खण घेऊन येते म्हणजे काहीतरी नातं असणार, असं तिने धरलं असावं.

मी सांगितलं की नात्यातलं कोणी नाही. माझी आई अहेव गेली, तिच्या नवमीला मावशीला हिची आठवण झाली, म्हणून आले.

म्हातारीने दगडाला हळद लावली, कुंकू लावलं. मग डबी मिटायची ती तशीच उघडी धरून माझ्याकडे पाहिलं.

"आईचं नाव काय?"

मी सांगितलं. तिने ते एकदा पुटपुटून बघितलं आणि पहिल्या कुंकवाशेजारी दुसरं बोट टेकवलं.